शिकायला निघालेल्या बाई

परदेशी शिक्षणाचा सल्ला देणाऱ्या नारायण पेठेतल्या एका ऑफिसात मी नंबर येण्याची वाट बघत होते. मला इतिहासात एमए करायचं होतं, पण बाबा म्हणत, एवढा खर्च करायचा तर मॅनेजमेंटला जा. शेजारी साठीच्या एक बाई बसल्या होत्या. सुती साडी आणि पायात स्पोर्ट्स शूज. पर्समधली आवळासुपारी त्यांनी आधी माझ्यापुढे धरली.

"मुलाला पाठवताय का?" मी विचारलं.

"छे, मुलगा मला पाठवतोय," म्हणत त्या खुदकन हसल्या. खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झाल्यावर त्या जर्मन शिकल्या होत्या आणि आता त्यांना जर्मनीत तत्त्वज्ञानात एमए करायचं होतं. "तिथे सरकारी विद्यापीठात फी नसल्यासारखीच. राहण्याखाण्याचं फंडातून भागेल."

तेवढ्यात सल्लागाराने त्यांना आत बोलावलं. मधे नुसता पडदा होता, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं.

"मॅडम, या डिग्रीला जॉबचा स्कोप फारसा नाही."

"अहो, नोकरी करून झाली माझी. आता शिकू द्या की!"

बाहेर बसलेले आम्ही सगळे हसलो.

जाताना त्यांनी विचारलं, "तू कशाला चाललीस गं?"

"इतिहासाला," मी म्हणून गेले. मॅनेजमेंटचं नाव तोंडातून निघालंच नाही.

त्या पुन्हा भेटल्या नाहीत. घरी पुढे बरेच वाद झाले, पण निम्मी शिष्यवृत्ती आणि निम्मं कर्ज असं अखेर जमलं. विमानतळावर शेजारच्या अनोळखी गृहस्थांना बाबाच आपणहून सांगत होते, "मुलगी इतिहासाला चाललीय आमची!"