लव्हाळ्याची गाठ

जनकाबाईच्या हातांना बांधणीची इतकी सवय, की डोळ्यांना त्यात काम उरलं नव्हतं. पानवेलीचा शेंडा शेवरीच्या खोडाला लावायचा, ओल्या लव्हाळ्याचा वेढा, एक पीळ, झाली गाठ. चला पुढच्या वेलीला. आषाढातल्या एका सकाळी असंच तिनं वेलीबरोबर एका घोयऱ्याचा पाय बांधून टाकला.

घोयरा म्हणजे तो रंग पालटणारा सुस्त सरडा. पानात पान होऊन बसलेला. बांधताना हलला नाही, ओरडायला त्याला गळा नाही. पुढच्या फेरीला पानं खुडायला आली तेव्हा पुढचा पंजा सुजून काळा पडलेला, मान लोंबलेली.

"अवं माय," जनकाबाईनं त्याची मान बोटानं उचलली. "म्याच बांधला का तुले?"

जळगाव जामोदच्या बाजूचं हे पानमळे पिकवणाऱ्या बारी लोकांचं गाव. महाराष्ट्र झाला त्याच्या आगेमागची गोष्ट. लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी कुंकू पुसून जनकाबाई भावाच्या, महादेवरावांच्या घरी आली ती कायमची. नांदुऱ्याच्या एका बिजवराचं स्थळ आलं होतं एकदा. पण घरात पानं निवडायला हात हवेच होते, आणि मग कोणी तो विषय काढला नाही. वयानं विटाळ कायमचा सुटेपर्यंत तिला पानमळ्यात पाय ठेवायची बंदी. सुटला, तसं दादांनी तिला बांधणीला लावलं. घराच्या भिंती होत्याच, त्यांना मळ्याभोवतीचा तुराट्यांचा कूड जोडला गेला. तिनं निवडलेली पानं गाडीनं नांदुऱ्याला जात, तिथून रेल्वेत बसत. रेल्वे तिनं पाहिली नव्हती.

तिनं घोयऱ्याला पदरात घेऊन घरी आणलं, गाठ कापली, तेलात हळद कालवून लावली आणि टोपली उपडी घालून आत ठेवलं. वाटीतल्या पाण्याला तो तोंड लावेना. निवडायच्या पानांवर ती पाणी शिंपडत होती, तेव्हा मात्र पानावरचा थेंब त्यानं जिभेनं टिपला. जनकाबाईला हसू आलं.

महादेवराव आले ते पाहूनच बिथरले. "हे ध्यान घरात? याची थुंकी लागली का येल जळते! मांगच्या साली मर लागली ते उगीच का?"

"त्याचा पाय माह्या हातानं गेला, दादा."

"मंग बाहीर टाक."

"धरता येत नाई त्याले. झाडावून पडन. कावळे जित्ता टोचतीन."

महादेवरावांनी बहिणीच्या तोंडाकडे पाहिलं. तोंड वर करून ती कधी बोलत नसे. "नागपंचमीले मळ्याची पूजा हाये," ते म्हणाले. "आदल्या दिसापर्यंत ठेव. धरत असंन तं झाडावर सोड. नसंन धरत तं मी काठीनं कुडाबाहीर फेकीन. मंग रडजो नको."

घोयऱ्याला नाकतोडे लागत, आणि नाकतोडे कुडाबाहेरच्या बांधावर. म्हणून दुपारी कामं उरकली की जनकाबाई ताटी उघडून बाहेर जाऊ लागली. ओंजळ करून गवतातून चालायची. बांधावरून नांदुऱ्याची गाडीवाट दिसे. एखादी बैलगाडी जायची, ती दिसेनाशी होईपर्यंत हातातला नाकतोडा सुटून जायचा.

वहिनी सरस्वतीबाई ओट्यावरून हाक घालायची, "काऊन वो जनकाबाई, पाव्हण्याचं जेवन आनलं का? आमाले तं मेलं कोनी असं हिंडून हिंडून काई आनत नाई!"

"तुमी बी जीभ अशी हातभर काहाडा, आनतो," जनकाबाई म्हणायची. इतकी मोकळी ती या घरात पहिल्यांदाच बोलत होती.

काळा पंजा सुकून गळून पडला. रोज ती उरलेल्या पंजांपुढे आपलं बोट धरून पाही. आधी नुसता स्पर्श. मग जरासा चिमटा. आणि एक दिवस त्यानं शेपटीचा वेढा घालून अंगठा असा आवळला, की सोडवता सोडवेना. एक डोळा तिच्याकडे, दुसरा दाराकडे.

ते तिनं कोणाला सांगितलं नाही. बरा झाला म्हटलं की सोडायचा, आणि सोडला की नाकतोडे कशाला? टोपली पुन्हा उपडी घातली आणि ती बांधावर जात राहिली. रात्री टोपलीतून खरखर ऐकू यायची. तो काड्यांना धरून वर चढायचा, टोपलीच्या बुडाला डोकं लागायचं, पुन्हा खाली. जनकाबाई कूस बदलायची.

पंचमीच्या आदल्या दिवशी महादेवराव काठी घेऊनच आले. "काय व जनके, धरते का?"

नाही म्हणावं तर काठी. तिनं टोपली उचलली, अंगठा पुढे केला. घोयऱ्यानं तो गच्च धरला.

"वा! हा तं चांगला पैलवान झाला!" महादेवरावांनी हसून काठी भिंतीला लावली. त्यांना खरंच बरं वाटलं होतं. "जा, बांधावरच्या निंबावर सोड. लवकर ये, उद्या पूजा, मळ्यातल्या कामाले कोनी हात लावत नाई, बांधनी आजच उरकाची हाये."

निंबाच्या फांदीला हात टेकवला तरी तो अंगठा सोडेना. तिनं एकेक पंजा उकलला, शेपटीचा वेढा सोडवला. फांदीवर तो थोडा डुलला, घसरतो की काय असं झालं, पण शेपटीनं सावरला आणि तीन पायांवर वर चढू लागला. पानांचा हिरवा उतरून सालीचा करडा अंगावर चढत गेला. मग तो तिला दिसेना.

गाडीवाट मोकळी होती.

"जनके! ये व! ताटी उघडी राह्यली, ढोरं घुसतीन!"

ती आत आली. ताटी ओढली. बांधणीसाठी कमरेला खोचलेलं लव्हाळं काढून वेढा घातला, पीळ दिला. नीट डोळ्यांनी पाहत तिनं ती गाठ आतून बांधली.