आज मावशींनी मला मागे टाकलं

मित्रांनो, आज सकाळी कोल्हापुरात एकवीस किलोमीटरची शर्यत झाली. नववीत शाळा सोडल्यापासून मी शर्यती पळतोय, पण आज मला जिंकायचं नव्हतं. मी पहिल्यांदाच पेसर होतो. पेसर पाठीला ‘दोन तास’ असा झेंडा लावून बरोबर तेवढ्या वेळात पळतो आणि ज्यांना ती वेळ साधायची, ते त्याच्या मागून येतात.

चूक होईल या भीतीनं मी प्रत्येक किलोमीटरची वेळ हातावर पेनानं लिहून घेतली होती. तरी शिट्टी वाजली आणि पायांनी जुनी सवय धरली.

तिसऱ्या किलोमीटरला मागून आवाज आला, “ओ पावणं, झेंडा घिऊन पळून चाललाय व्हय? आमी हाय की मागं!”

कागलच्या एक मावशी होत्या. गेल्या वर्षी त्यांचे दोन तास एका मिनिटानं हुकले होते. मी घड्याळ बघितलं, मग हातावरची वेळ. पाऊण मिनिट पुढे होतो. असंच पळालो असतो तर माझ्यामुळे त्यांचा दम अर्ध्यातच संपला असता.

“चुकलं, मावशी.”

“चुकलं तर चुकलं. आता हातावरचं मोठ्यानं वाच.”

मग दर किलोमीटरला मी वेळ वाचत गेलो. शेवटच्या वळणावर म्हणालो, “आता माझ्यासाठी थांबू नका.” त्या मला मागे टाकून सुसाट गेल्या आणि बारा सेकंद राखून पोहोचल्या.

आजवर कुणी मला मागे टाकलं की जेवण जात नसे. आज चार भाकरी खाल्ल्या.

तुम्हाला कधी कुणी पुढे गेल्याचा असा आनंद झालाय का?