गुरुजींनी खोडलेल्या ओळी

कविता शिकायला बसलो तेव्हा वाटलं होतं, दोन-चार वर्षांत कवितांची चळत लागेल. चळत लागली ती किस्स्यांची! आता कुणी कविता ऐकवा म्हटलं की मी किस्सेच सांगतो. कविता शिल्लक राहायला हवी ना!

निजामाच्या अमदानीत पाथरीला शिवअप्पांच्या कापडदुकानाच्या ओट्यावर आम्ही जमायचो. शिकणारे तिघं: खुद्द अप्पा, पोखर्णीचे शेतकरी किसनराव आणि मी. शिकवणारे गुरुजी दिवसभर शाळेत उर्दूतून हिशेब शिकवत आणि संध्याकाळी मराठीतून आमचं डोकं खात. उर्दू शायरांची इस्लाहची पद्धत त्यांनी उचलली होती. शागिर्दानं कविता पुढं ठेवायची, उस्तादानं कच्च्या ओळी खोडायच्या आणि शागिर्दानं हूं की चूं करायचं नाही. एक कविता, एकच, न खोडता परत मिळावी, एवढीच माझी इच्छा होती.

पहिली कविता चांदण्यावर दिली. सगळ्या ओळी आडव्या! खाली माझं नाव तेवढं शाबूत.

"एवढंच तुमचं हाय," गुरुजी म्हणाले. "बाकी समदं लोकाचं."

*

मग मात्रा आल्या. बोटांवर मोजायच्या. अप्पांना त्याचा एवढा नाद लागला की मांजरपाट मोजतानाही तोंडात मात्राच. गज कितवा चाललाय याचं भान नाही! एका गिऱ्हाइकाला सदऱ्याच्या कापडात पोराचाही सदरा निघाला. तो पुढच्या बाजाराला मुद्दाम आला.

"अप्पा, कविता सोडू नगा बरं का! अजून धाकटं राहिलंय."

*

किसनरावांनी विरहावर लिहिलं. कुणी प्रिया, कुठली वाट, काही विचारू नका. गुरुजींनी कागद बाजूला ठेवला.

"किसनराव, तुमी कधी कुनाची वाट बघितली का?"

"बघितली की. म्हैस हरवली होती तवा."

"मग तेच लिव्हा."

त्यांनी म्हशीवर लिहिलं आणि चार ओळी खोडण्यातून वाचल्या! मला चांदण्यानं एकही दिली नव्हती. त्या दिवशी मी घरी न जेवता झोपलो. खरं सांगतो, म्हशीचा हेवा वाटला.

*

पोखर्णीच्या नरसिंहाच्या जत्रेत कविता वाचायचं ठरलं. त्या काळी चार माणसं जमवायची तरी परवानगी लागे. आमच्या कविता उर्दूत उतरवून पोलीस ठाण्याच्या अमीनसाहेबांकडं दिल्या. आम्ही धास्तावलेलो, कुठल्या शब्दावरून आत टाकतील याचा नेम नाही! पण अमीनसाहेब स्वतः शायर निघाले. माझा कागद वर धरून म्हणाले,

"इजाजत है. मगर तीसरा शेर कमजोर है, मियाँ."

मी तोंड पाडून परत आलो आणि गुरुजींना सांगितलं.

"मी बी तीच वळ खोडली होती," गुरुजी म्हणाले. "तुमी ती परत घातली व्हय?"

*

पुढं अप्पांनी दुकान सांभाळलं, किसनरावांनी शेत. ओट्यावरची बैठक मोडली. मीही थकलो होतो; खोडलेले कागद बघून जीव विटला होता. तेवढ्यात कळलं, गुरुजींना मोतीबिंदूनं काही दिसेनासं झालंय. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू, आणि मनात हेही आलं की आता खोडणार कसं? कविता घेऊन घरी गेलो आणि मोठ्यानं वाचली.

गुरुजी भिंतीला टेकून ऐकत होते. म्हणाले, "पुन्हा."

पुन्हा वाचायला लागलो आणि एका ओळीशी माझीच जीभ अडली. ती गाळली.

"पुन्हा."

आणखी दोन गळाल्या. ते 'पुन्हा' म्हणत राहिले, मी वाचत राहिलो. शेवटी दोनच ओळी उरल्या. त्या वाचल्या आणि घाबरून थांबलो.

गुरुजींनी आत तोंड करून हाक मारली,

"ऐकलं का, चहा टाका. कवी आल्यात!"

कोण आलं म्हणून मी दाराकडं वळून बघितलं.