पहिली फेक

"भाऊजी, हे उठूनच नाही राहिले…" सकाळी फोनवर वहिनी म्हणाल्या. आवाज इतका साधा की मला वाटलं, माझा दोस्त अरविंद पडला असेल झोपेचं सोंग घेऊन. आदल्या संध्याकाळीच तर आम्ही भांडलो होतो. मी चेरीतालला त्याच्या घरी धावलो. उशाशी चष्मा घडी करून ठेवलेला आणि माणूस गेलेला. महिना होत आला, अजून विश्वास बसत नाही.

भांडण होतं मासेमारीच्या रिळावरून. नर्मदेत गळ टाकता टाकता आम्ही दोघे म्हातारे झालो, पण समुद्र काही पाहिला नव्हता. या हिवाळ्यात कोकणात जायचं, वाळूवर उभं राहून लाटांपलीकडे गळ फेकायचा, असं ठरलं. त्यासाठीचं रीळ अरविंदने मुलीला स्थळ बघावं तसं शोधलं. चकरी मोठी हवी, दोरी सरसर सुटायला हवी, खाऱ्या पाण्याने गंजता कामा नये. गोहलपुरच्या दुकानात एकेक रीळ कानाशी धरून फिरवायचा. दुकानदार कंटाळून म्हणाला, "दादा, जबलपुर में समुंदर कब आया?" "तो नाही आला, आम्ही जाऊन राहिलो," अरविंदने मराठीतच ऐकवलं.

रीळ एकच घेतलं आणि तिथेच माशी शिंकली. मी डावखुरा. डाव्या हाताने फेकणार, उजव्याने गुंडाळणार. त्याचं नेमकं उलट. हँडल काढून दुसऱ्या बाजूला बसवता येतं, पण समुद्रात पहिली फेक कोणाची? निवडलं मी, मान माझा, हे त्याचं पालुपद. सत्तरीला टेकलेले दोघे यावरून रोज हमरीतुमरीवर यायचो. त्या शेवटच्या संध्याकाळी फोनवर तो एवढंच म्हणाला, "काहून तोंड फुगवून राहिला बे? उद्या ये, दाखवतो." उद्या… गेलो मी, पण कशाला!

परवा वहिनींनी ते रीळ माझ्या हाती दिलं. त्या संध्याकाळी तुमचा फोन झाल्यावर हे स्क्रू फिरवायचा पेचकस घेऊन रिळाशीच खटपट करत बसले होते, म्हणाल्या. काठीला लावून मी सवयीने डाव्या हातात धरलं. उजवा हात आपसूक हँडलकडे गेला आणि ते तिथेच होतं. घट्ट बसवलेलं, वर तेलाचा थेंब. म्हणजे पहिली फेक माझी. मरणाचा धक्का कसाबसा पचवत होतो, हा कसा पचवू? जन्मात कधी हार न मानलेला माणूस!

रीळ आता माझ्या टेबलावर असतं. अधूनमधून कानाशी धरून फिरवतो. छान, बिनआवाजी फिरतं. हँडल उजवीकडेच आहे, आणि भांडायला कोणी येत नाही.