मान हलली आणि गाणं थांबलं

इथे अमेरिकेत, ट्रॉयला, आमच्या शेजारी एक इराणी मुलगा राहतो. मुलगा आपलं म्हणायचं, चाळिशीला आलाय. मोटारींच्या कंपनीत नोकरी. गाडीचं दार लावल्यावर आवाज कसा यावा, हे ठरवणं त्याचं काम. असल्या कामाला पगार मिळतो हे ऐकून मी आधी हसलेच होते. मग एकदा त्यानं गॅरेजमध्ये बोलावून सेतार ऐकवली. लांब मानेचं, इवलंसं, चार तारांचं वाद्य, नखानं छेडायचं. मागे लॅपटॉपवर त्याच दारांचे, वायपरचे, इंजिनांचे आवाज विणून धरलेला ठेका, आणि त्यावर जुनी इराणी सुरावट अगदी घरच्यासारखी वावरत होती. मी काही जाणकार नाही, पण अंगावर काटा आला.

त्या संगीतात मध्येच एका बाईचा आवाज यायचा. त्याच्या आईचा. ती तिकडून फोनवर गुणगुणायची, हा ते रेकॉर्ड करून वापरायचा. तिच्या देशात बाईला परक्या पुरुषांसमोर एकटीनं गायला बंदी. जन्मभर ती घरात गायली, तेही खिडक्या लावून. गेल्या वर्षी एकदाचा तिला व्हिसा मिळाला, तेव्हा तो माझ्याकडे आला.

"तुमच्या दिवाळीच्या कार्यक्रमात ती गाईल? इथल्या आमच्या इराणी लोकांसमोर घाबरते. कुणी तिकडे कळवलं तर? आणि परत गेली की पुन्हा कुठली संधी!"

आमच्या इथल्या मराठी मंडळाचा सेक्रेटरी पुण्याचा, तरुण. म्हणाला, "काकू, ऑडियन्स बोअर होईल हो. त्यासाठी काय डान्स कॅन्सल करायचा?"

"कॅन्सल कर," मी म्हटलं.

कार्यक्रमाच्या दिवशी ती स्टेजवर मुलाशेजारी बसली, नजर मांडीवर. त्यानं ठेका अगदी हळू सुरू केला. पहिल्या ओळी कशाबशा निघाल्या, मग आवाज मोकळा होऊन वर चढला. आमचे हे पहिल्या रांगेत होते. ह्यांना गाणं भिडलं की डोळे मिटतात, मान डावीउजवीकडे हलते आणि तोंडानं च् च् च् सुरू होतं. शेजारचे दोघे काकाही त्याच पंथाचे.

तिनं नेमकं तेव्हाच वर पाहिलं. तीन म्हातारे मान हलवतायत, जीभ वाजवतायत. ती गप्प झाली. मुलाचा चेहरा पांढरा पडला. तिनं शाल आवरली आणि उठायला लागली.

मी गुडघ्यांची पर्वा न करता स्टेजवर पोचले. त्यानं विचारलं, "त्यांना आवडलं नाही? आमच्याकडे अशी जीभ वाजवली की 'नको' समजायचं."

मी कपाळावर हात मारला. "अरे, ही दाद आहे! आवडलं नसतं तर आमचे हे केव्हाच झोपले असते."

त्यानं तिला फारसीत सांगितलं. तिनं वळून ह्यांच्याकडे पाहिलं. एव्हाना ह्यांनी डोळे उघडले होते. काय घोळ झाला ते कळल्यावर ओशाळून हात जोडले, आणि तिला पटावं म्हणून मुद्दाम एकदा च् च् केलं. ती तोंडावर हात धरून हसली.

मग ती जी गायली! आता मांडीकडे नाही, थेट समोर बघून. आणि मला जास्त कौतुक वाटलं ते मुलाचं. ती एखाद्या सुरावर रेंगाळली की तो लॅपटॉपवरचा ठेका थांबवून ठेवायचा, ती निघाली की गाडीचं दार हलकेच लागल्याचा तो आवाज तिच्या पावलाखाली आणून द्यायचा. इतकी वर्षं तिच्या आवाजाचे तुकडे सांभाळले होते त्यानं. आज अख्खी आई समोर होती, आणि तिच्या वाटेत न येण्याचं भान त्याला होतं. च् च् वाढलं की ती सुरांची तीच जागा पुन्हा वेगळ्या ढंगानं घ्यायची. मला रडू आवरेना.

गाणं संपलं तेव्हा सगळे उभे राहिले. तिनं मुलाची बाही ओढून काहीतरी विचारलं.

"काय म्हणतेय?" मी विचारलं.

"म्हणतेय, अजून एक गाऊ का?"

सेक्रेटरीनं मनगटावरच्या घड्याळावर बोट ठेवलं. आत मसालेभात तयार होता. "जेवण थांबेल," मी म्हटलं आणि माइक तिच्या आणखी जवळ सरकवला.