गाळलेलं वाक्य

हमीद परकार मास्तर दर पंधरवड्याला ऑकलंडच्या फ्लॅट बुश भागातल्या आमच्या फार्मसीत औषधं न्यायला यायचे. वॉकर ढकलत, पण इस्त्रीचा शर्ट घालूनच. नव्वदीला टेकलेले, मूळचे दापोलीकडचे, चौतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलेले. आता मुलाकडे राहायचे. ‘डोस’ला ‘मात्रा’ म्हणणारा इथला मला ठाऊक असलेला हा एकच माणूस.

२०१४ साली मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचं संपादन माझ्या गळ्यात पडलं. मी हौसेनं म्हटलं, “मास्तर, कोकणच्या आठवणी लिहा ना आमच्यासाठी.”

त्यांनी औषधांची पिशवी वॉकरला अडकवली. “जे लिहीन ते छापाल?”

“म्हणजे काय! शब्द देते.”

शब्द द्यायला मला तेव्हा काहीच लागत नसे.

पुढच्या खेपेला त्यांनी सात कागद आणले. पहिल्या पाचांत आंब्याची कलमं, शाळा, समुद्र. खरं लिहायचं होतं ते शेवटच्या दोन कागदांत होतं.

१९४६ साली मास्तर बावीस वर्षांचे, मुंबईहून नुकतेच बी.ए. होऊन आलेले. मुसलमानांना वेगळं वतन, म्हणजे पाकिस्तान हवं, अशी भाषणं गावोगाव चालली होती, पण सगळी उर्दूत. कोकणातल्या मुसलमानांच्या घरात बोली कोकणची, वाचन मराठी. भाषणं डोक्यावरून जायची. म्हणून जिल्ह्याच्या पुढाऱ्यानं (मास्तर अजूनही त्याला ‘साहेब’च म्हणायचे) या पदवीधर पोराला हाताशी धरलं. वेगळं वतन का हवं, ते मास्तरांनी सोप्या मराठीत लिहून दिलं. त्यांना ते मनापासून पटलं होतं. लोकांना ते पटलं, ते मास्तरांच्या मराठीमुळे.

फक्त शेवटी त्यांनी एक वाक्य घातलं होतं: ‘आपला जिल्हा त्या देशात येणार नाही, तिकडे जायचं तर घरदार सोडावं लागेल, आणि हे लिहिणारा ते सोडणार नाही.’

पुढाऱ्यानं त्यावर पेन्सिल फिरवली. “लोक बिचकतील. पुढच्या आवृत्तीत घालू.” पुस्तिका तशीच छापली गेली, वाटली गेली. मास्तर गप्प बसले.

त्यांची धाकटी बहीण हलीमा नवी नवरी होती. नवऱ्याला वाचता येत नव्हतं, म्हणून तिनं त्याला ती पुस्तिका वाचून दाखवली. भाईनं लिहिलंय म्हणजे भाई येणारच, असं धरून दोघं सत्तेचाळीस साली बोटीनं कराचीला गेली. भाई गेलाच नाही. पुढारी मात्र सगळ्यांच्या आधी गेला.

“मग पत्रात का नाही लिहिलंत कधी?” मी विचारलं.

“छापून फसवलं, बाय. खरंही छापूनच सांगायला हवं.” बाय म्हणजे बाई, मुलगी; कोकणात कुठल्याही बाईमाणसाला म्हणतात. “हलीमा आहे अजून. मराठीच वाचते. एक अंक तिला पाठवा.” कराचीचा पत्ता त्यांनी औषधाच्या चिठ्ठीमागे लिहून दिला.

मंडळाचे अध्यक्ष जगदीश आयटीतले. सगळं वाचून म्हणाले, “नीलिमा, दिवाळीत फाळणी कशाला? हीप्स ऑफ लोक कम्प्लेंट करतील. पहिली पाच पानं स्वीट ॲज आहेत, तेवढीच घे.” ‘हीप्स ऑफ’ म्हणजे ढीगभर, ‘स्वीट ॲज’ म्हणजे झकास; इथलं किवी इंग्रजी.

मी दहा मिनिटं भांडले. मग कबूल झाले. जगदीशवर खापर फोडणं सोपं आहे, पण कात्री माझ्या हातात होती आणि मी घाबरट निघाले. दोन कागद काढले, त्या जागी रांगोळीचा फोटो टाकला. मास्तरांना विचारलंसुद्धा नाही. आणि शब्द पाळल्याचं समाधान हवं म्हणून एक अंक इमानानं कराचीला पाठवला!

मास्तरांनी काउंटरवरच अंक उघडला, तो आपल्या लेखाच्या शेवटाशीच. शेवटच्या ओळीखाली बोट ठेवलं, पान उलटलं. रांगोळी. परत मागे आले, पुन्हा उलटलं.

“कराचीला गेला?”

“हो. गेल्या सोमवारी.”

त्यांनी मान हलवली, औषधं घेतली आणि सवयीनं थँक यू म्हणून गेले.

जानेवारीत त्यांनी एक पाकीट माझ्यापुढे ठेवलं. “वाचा,” म्हणाले. चष्मा त्यांच्या डोळ्यांवर होता, तरी मला वाचायला लावलं.

‘भाई, अंक मिळाला. कलमांचं छान लिहिलंस. वाचताना वाटत होतं, आता शेवटी तरी तू का आला नाहीस ते लिहिशील. पुढे रांगोळी होती. सदुसष्ट वर्षं मी विचारलं नाही. आता विचारणारही नाही. तब्येतीला जप. हलीमा.’

मला लाज वाटली. इतकी, की मागे रांगेत उभ्या असलेल्या गिऱ्हाइकांसमोर रडले. “मास्तर, चुकलं माझं. पुढच्या अंकात सगळं छापते. अगदी शब्द न् शब्द.”

मास्तरांनी पत्र माझ्या हातातून काढून घेतलं, घडी घालून खिशात ठेवलं.

“साहेबही हेच म्हणाले होते,” ते म्हणाले. “पुढच्या आवृत्तीत.”

पुढच्या पंधरवड्यापासून त्यांची औषधं दुसऱ्या फार्मसीतून जाऊ लागली.