डेल्फीनने खासदाराला सांगितलेली गोष्ट

डेल्फीन विंडहोल्झ माझ्या थोरल्या भावाची बायको. भाऊ गेल्याला बरीच वर्षं झाली, पण आमचं जाणंयेणं तसंच राहिलं. कॅन्ससमधल्या सेंट ओडीलसारख्या लहान गावात एकेक माणूस तोडत गेलं तर बोलायला उरणार कोण?

तिचा सगळा जन्म शेतकऱ्यांच्या धान्य सोसायटीच्या वजनकाट्यावर गेला. सुगीत ज्वारीचे ट्रक रांगेने यायचे आणि ही खिडकीतून ओरडायची, "मागे घे! चाक काट्याच्या बाहेर आहे!" उंच, हाडापेराने मोठी, आवाज तर असा की देवळात ती गायला लागली की पाद्रीबुवा पानं चाळायचं सोडून तिच्याकडे बघायचे. हाताला चव अजिबात नव्हती. तिच्याकडचं सूप पिऊन आल्यावर मी घरी पुन्हा जेवायची. आणि हट्टी इतकी की भाऊ म्हणायचा, हिच्याशी भांडण्यापेक्षा गारपिटीशी भांडावं.

तिला एक नाद होता. परदेशातल्या उपाशी माणसांसाठी सरकार जी मदत पाठवतं, ती कापायची गोष्ट वॉशिंग्टनमध्ये निघाली की ही फोन उचलायची. आमचे खासदार हार्लन ट्रेस्कॉट जिल्ह्यात आले की ही पहिल्या रांगेत बसलेली असायची. प्रश्न विचारायची वेळ आली की उभी राहायची आणि एकच सांगायची. "मदत कापू नका. माझी आई त्या मदतीवर जगली."

ते खरं होतं. आमच्या सगळ्यांचेच आजेपणजे रशियातून, व्होल्गाकाठच्या जर्मन खेड्यांतून आलेले. डेल्फीनची आई मात्र उशिरा आली. एकोणीसशे एकवीसच्या मोठ्या दुष्काळात ती तिकडेच होती, नऊ वर्षांची. लोकांनी घरांवरचं छपराचं गवत उकडून खाल्लं होतं. तेव्हा अमेरिकन लोकांनी तिच्या खेड्यातल्या शाळेत चूल मांडली आणि पोरांना मक्याची पेज दिली. त्या पेजेवर ती तगली. पुढे चुलत्याने तिला कॅन्ससला आणलं.

सोसायटीच्या ऑफिसात सकाळी कॉफीला म्हातारे शेतकरी जमायचे. डेल्फीन निवृत्त झाल्यावरही तिथे जायची. ती दारात दिसली की रूडी हर्ल म्हणायचा, "आल्या बघा, आफ्रिकेच्या खासदार."

"सरक तिकडे."

"डेल्फीन, माझी गाय पण उपाशी आहे गं. तिच्यासाठी एक फोन लाव की वॉशिंग्टनला."

"तुझी गाय तुझ्यापेक्षा कमी खाते, रूडी. आधी तुझी रोजची ताटं कमी करू, मग गाईचं बघू."

सगळे हसायचे. ती पण हसायची. पण मग कुणीतरी खरंच चिडून बोलायचं. आपल्या गावातला दवाखाना बंद पडला, आपल्या शाळेत दोन वर्ग एकत्र बसवतात, आणि ही जगाला जेवू घालायला निघालीय. त्यावर ती म्हणायची, "दवाखाना कुणी बंद केला? सुदानच्या बाईने?" यावर कुणाकडे उत्तर नसायचं, पण उत्तर नाही म्हणून मत बदलावं असं आमच्याकडे कुणाला वाटत नाही.

आणि गंमत अशी की आमच्या ज्वारीतली बरीचशी त्याच मदतीत जात होती. आम्ही ज्वारी खात नाही. ती गुरांना घालतो, नाहीतर विकतो. सरकार ती घेऊन पोत्यात भरून जहाजाने पाठवायचं. डेल्फीन हे काट्यावर असल्यापासून सांगत होती. म्हातारे ऐकून घ्यायचे आणि कॉफी ओतून घ्यायचे.

गेल्या वर्षी जानेवारीत वॉशिंग्टनहून हुकूम सुटला आणि मदत एका फटक्यात थांबली. बंदरावर निघालेला माल जिथल्या तिथे राहिला. सोसायटीची सिमेंटची उंच कोठारं ज्वारीने तुडुंब भरलेली, आणि घेणारं कुणी नाही. भाव कोसळला. मग एका दुपारी सोसायटीचा मॅनेजर गेलन डेल्फीनच्या दारात उभा राहिला. मी तिथेच होते. त्याने टोपी काढली. मी त्याला टोपीशिवाय फक्त मयतीत पाहिलं होतं.

"डेल्फीन, खासदार एप्रिलमध्ये येतायत. तुम्ही बोला. तुम्हाला ते ओळखतात."

"बोलणारच आहे."

"हो, पण..." गेलनने माझ्याकडे पाहिलं. "जरा ज्वारीचं बोला. शेतकऱ्याचं. ते आईचं, दुष्काळाचं, ते नेहमीचं झालंय ना. लोक कंटाळतात."

"कोण कंटाळतं? रूडी?"

"तसं नव्हे हो."

"गेलन, उपाशी माणूस आहे म्हणून तुझी ज्वारी विकली जाते. त्याला सोडून मी ज्वारीचं बोलू कसं?"

गेलन गेला. डेल्फीनने दार लावलं. मग म्हणाली, "कंटाळतात म्हणजे मी नीट सांगत नाहीये. मी अर्धंच सांगते, अर्लीन."

"उरलेलं अर्धं कुठलं?"

"योहान्नेसचं."

हे नाव मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

एप्रिलमध्ये शाळेच्या हॉलमध्ये सभा झाली. कधी नव्हे ती गर्दी. ट्रेस्कॉटसाहेब बाह्या सरसावून आलेले, पायांत बूट मात्र नवे कोरे. एक माणूस कॅमेरा घेऊन फिरत होता. डेल्फीनने हात वर केला. साहेबांनी लांबूनच ओळखलं. "बोला, मिसेस विंडहोल्झ. तुमच्याशिवाय सभा झाल्यासारखी वाटत नाही."

लोक हसले. ती उभी राहिली. आवाज नेहमीचा नव्हता, खालचा होता.

"माझी आई पेजेवर जगली हे मी तुम्हाला बऱ्याचदा सांगितलंय. आज पुढचं सांगते. पेज सगळ्यांना नव्हती. जेवढं धान्य आलं तेवढ्याच पोरांना पास मिळाले. माझ्या आईला मिळाला. तिचा धाकटा भाऊ योहान्नेस, त्याला नाही मिळाला. पेज तिथेच बसून प्यायची, घरी न्यायची नाही, असा नियम. मग आई शेवटचा घोट गालात धरून घरी पळत यायची आणि त्याच्या तोंडात सोडायची. पक्षी करतात तसं. एक दिवस शाळेच्या दारात राखणीला असलेल्या बाईने तिला धरलं आणि तोंड उघडायला लावलं. त्या दिवसापासून रोज बाहेर पडताना तोंड उघडून दाखवायचं, गिळलं आहे हे दाखवायचं, मगच जायचं. योहान्नेस मार्चमध्ये गेला. माझी आई इथे, या गावात, म्हातारी होऊन मेली, पण मरेपर्यंत जेवणातला शेवटचा घास ती पटकन गिळत नसे. गालात धरून बसायची. साहेब, आणखी थोडं धान्य आलं असतं तर मला एक मामा असता. एवढंच. मदत कापू नका."

रूडी खाली बघत होता. ट्रेस्कॉटसाहेब व्यासपीठावरून उतरले, तिच्यापाशी आले, तिचे दोन्ही हात हातात घेतले. डोळे खरंच ओले होते, मी अगदी शेजारी होते. "मी हे विसरणार नाही," ते म्हणाले.

आणि ते विसरले नाहीत, हे मी त्यांच्या बाजूने सांगितलं पाहिजे.

जुलैत मदत कायमची कापायचा ठराव मतदानाला आला. आम्ही दोघी तिच्या स्वयंपाकघरात सूपासाठी लाटलेल्या पोळीच्या शेवया कापत होतो. रूडीचा फोन आला. "डेल्फीन, टीव्ही लाव, टीव्ही लाव! तुझी गोष्ट सांगतोय तो!"

लावला. ट्रेस्कॉटसाहेब सभागृहात उभे होते. माझ्या मतदारसंघातली एक थोर बाई, असं म्हणाले. तिची आई, पेज, पास, गालातला घोट, सगळं सांगितलं. बरं सांगत होते, तिच्यापेक्षा बरं. मग म्हणाले, "त्या उदार काळातसुद्धा पास मोजकेच होते. कुणाला तरी नाही म्हणावं लागलं. त्या दारातल्या बाईने केवढं कठीण काम केलं! देश चालवणं म्हणजे त्या दारात उभं राहणं. त्या नऊ वर्षांच्या मुलीला ते कळलं होतं. आज आपल्यालाही कळलं पाहिजे." आणि त्यांनी कपातीच्या बाजूने मत दिलं.

डेल्फीनच्या हातात सुरी तशीच होती. "माझ्या आईला कळलं होतं म्हणे," ती म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा तेच म्हणाली. मग फोन उचलून तिने त्यांच्या कार्यालयात लावला. ब्रेट नावाचा तिथला सहायक तिला आवाजावरून ओळखायचा.

"मिसेस विंडहोल्झ! पाहिलंत ना? साहेबांच्या फार मनाला लागलीय तुमची गोष्ट."

"मनाला लागली तर मत उलटं कसं पडलं?"

"ते दोन वेगळे विषय आहेत."

"कसे वेगळे, ते मला सांग. मला वेळ आहे."

ब्रेट म्हणाला की त्याला दुसरा फोन येतोय.

पण ट्रेस्कॉटसाहेबांनी गावाला वाऱ्यावर सोडलं नाही. ज्वारीचा भाव पडला म्हणून शेतकऱ्यांना सरकारकडून भरपाई मिळवून दिली. कोठारातली ज्वारी कुत्र्यांचं खाद्य करणाऱ्या एका कारखान्याने उचलली. सुगी संपली तेव्हा सगळ्यांच्या हातात काही ना काही पडलं होतं, आणि गेलनने चर्चच्या हॉलमध्ये जेवण ठेवलं, डेल्फीनच्या सन्मानार्थ.

ती येणार नाही असं मला वाटलं होतं. आली. चांगला निळा झगा घालून आली. कोबी आणि खिमा भरलेले गरम पाव होते, शेवयांचं सूप होतं, बिअर होती. गेलन उभा राहिला. "त्या दिवशी डेल्फीन बोलल्या नसत्या तर वॉशिंग्टनला आपलं गाव कुठे आहे हेही कळलं नसतं. हे सगळं त्यांच्यामुळे." लोकांनी टाळ्या वाजवल्या, काही उभे राहिले. पोरीबाळींनी फुलं दिली.

डेल्फीन उभी राहिली. "मी तुमच्यासाठी मागितलं नव्हतं," ती म्हणाली.

मग रूडी म्हणाला, "पण मिळालं तर आम्हालाच ना! बस आता, सूप गार होतंय." हसू फुटलं, सुटल्यासारखं, आणि भांडी वाजू लागली. रूडी काही वाईट माणूस नाही. भाऊ आजारी होता तेव्हा आमचं शेत त्यानेच कापून दिलं होतं.

डेल्फीनने फुलं टेबलावर ठेवली, कोट घातला. मी तिला गाडीने सोडायला निघाले. वाटेत मी म्हटलं, "त्यांना कळलं नाही गं तुझं म्हणणं."

"कळलं," ती म्हणाली. "सगळ्यांना सगळं कळतं. मीच आयुष्यभर समजत होते की यांना माहीत नाही म्हणून हे असं करतात."

त्या दिवसापासून ती सोसायटीत कॉफीला जात नाही. नाताळाच्या आधी नवे पाद्री तिच्याकडे आले. मुलांना व्होल्गाकाठची ती गोष्ट सांगाल का, म्हणून विचारत होते. तिने त्यांना चहा दिला आणि नाही म्हणून सांगितलं. पाद्री हिरमुसून गेले. जाताना मला म्हणाले, वय झालं की माणसं विसरतात.

ती विसरलेली नाही. अजून दर आठवड्याला खासदारांच्या कार्यालयात फोन लावते. नाव सांगते, गाव सांगते, "मदत पुन्हा सुरू करा" म्हणते आणि ठेवून देते. ब्रेट गेला, आता एक मुलगी आहे. ती "नोंद घेतली" म्हणते. सगळं अर्ध्या मिनिटाचं काम.

परवा मी न राहवून विचारलं, "नव्या मुलीला आईचं का नाही सांगत? तिने ऐकलेलं नसेल."

"नको," डेल्फीन म्हणाली. "तिलाही आवडेल."